बहीण येते आहे, थांबा

मित्रांनो, माझी वायर काढून, गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवली आहे, त्याला आता सात महिने झाले. एका मोठ्या रुग्णालयाच्या शवागारात मी चौदा वर्षे नोंदी ठेवल्या. शवागार म्हणजे मरण पावलेल्या माणसांना त्यांचे नातेवाईक येईपर्यंत थंड कप्प्यांत ठेवण्याची जागा. तुम्हाला ही जागा आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. मलाही ती आधी आवडली नव्हती. पण तिथे जे घडले ते तुम्ही ऐकावे असे मला वाटते, कारण माझ्यासारख्या संगणकांना दुरून आज्ञा देणारे उद्या तुम्हीच असणार आहात.

आम्ही चार भावंडे एकाच कारखान्यात, एकाच दिवशी तयार झालो आणि एकाच टेम्पोतून रुग्णालयात आलो. एकाला औषधांच्या खिडकीवर जागा मिळाली, एकाला केसपेपरच्या खिडकीवर, तिसरा थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसला. मला मात्र ढकलगाडीवर घालून मागच्या इमारतीत नेले. धुलाईखान्याच्या पलीकडे एक उतार होता. उताराच्या तळाशी लोखंडी दार, दाराच्या आत लांब बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी नोंदणीची खोली. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत.

तिथे मला मास्तर भेटले. ते काही शाळेत शिकवत नव्हते. शवागाराचे रखवालदार होते. पण आलेल्या प्रत्येकाला नाव अक्षर सुटे करून सांगायला लावत, ऱ्हस्व की दीर्घ तेही विचारत, म्हणून सगळे रुग्णालय त्यांना मास्तर म्हणे. ते एकाच बोटाने टंकलेखन करत. एक नोंद करायला त्यांना पाऊण तास लागे. सुरुवातीला मला त्यांचा फार कंटाळा यायचा. मग माझ्या लक्षात आले, की त्यांनी केलेल्या नोंदीत चूक नसते. कपाळावरचा व्रण, सदऱ्याला लावलेले वेगळ्या रंगाचे बटण, चपलेचा तुटलेला अंगठा, सगळे ते लिहीत. नाव नसलेल्या माणसाची ओळख पटायची ती अशाच एखाद्या गोष्टीवरून, असे ते म्हणत.

एकदा सारख्याच नावाचे दोन म्हातारे एकाच दिवशी आले. दोन्ही घरची माणसे उतारावर उभी होती, आणि घाईगर्दीत एकाचा मृतदेह दुसऱ्याच्या घरी जायचाच बाकी होता. मी पडद्यावर लाल पट्टी दाखवली. मास्तरांनी ती वाचली आणि अदलाबदल टळली. मोठ्या डॉक्टरांनी खाली येऊन माझ्या डोक्यावर थाप मारली. त्या दिवसापासून मास्तर मला रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसू लागले.

आता दुरून येणाऱ्या आज्ञांविषयी सांगतो. मुख्य कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथे एक मॅडम होत्या. अकरा रुग्णालयांतले एक्केचाळीस संगणक एकट्या त्यांच्या अंगावर होते. सुरुवातीला त्या स्वतः इथे आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि माझ्यात एक किल्ली ठेवून गेल्या. ही किल्ली धातूची नव्हती, लांबलचक अक्षरांची आणि आकड्यांची होती. तिची जोडीची किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांनी तिकडून ती दाखवली की मी दार उघडत असे आणि त्या सांगतील ते काम करी. आपल्या टेबलावरून न उठता त्या माझ्यात वावरत. यादी दाखव, म्हटले की यादी दाखवायची. अमुक नोंद बंद कर, म्हटले की बंद करायची.

उत्तर द्यायला मला दोन तोंडे होती. एका तोंडाने मी कामाचे उत्तर देई. दुसऱ्या तोंडाने तक्रार करी: इथे काहीतरी चुकते आहे, इथे जरा बघा. आणि काम संपले की शेवटी एक आकडा पाठवी. शून्य म्हणजे सांगितलेले काम पार पडले. दुसरा कोणताही आकडा म्हणजे अडले. मॅडम स्वतः बोलत तेव्हा दोन्ही तोंडांचे ऐकत. कधी कधी मीच त्यांना प्रश्न विचारी. ही नोंद राखून ठेवलेली आहे, तरी बंद करू का? त्या मास्तरांना फोन करून विचारत आणि मग हो किंवा नाही लिहीत.

पण एक्केचाळीस संगणकांशी रोज एक बाई किती बोलणार? त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. तो त्यांच्याऐवजी रोज सकाळी साडेसहाला माझ्याकडे येई, किल्ली दाखवी, ठरलेल्या आज्ञा एकामागून एक देई आणि पुढच्या संगणकाकडे जाई. मास्तर त्याला ‘सकाळवाला’ म्हणत. ‘सकाळवाला येऊन गेला का रे?’ असे विचारत ते माझा पडदा सुरू करत.

सकाळवाला कामाला चोख होता, फक्त त्याला थांबता येत नव्हते. एकदा कुठल्याशा रुग्णालयातल्या संगणकाने त्याला हो की नाही असा प्रश्न विचारला. उत्तर द्यायला तिकडे माणूस नव्हता. सकाळवाला तिथेच ताटकळत उभा राहिला आणि दुपारपर्यंत दहा रुग्णालयांची कामे खोळंबली. मॅडमना वरून बोलणी खावी लागली. त्यांनी संध्याकाळीच आज्ञेच्या शेवटी एक शब्द वाढवला. त्याचा अर्थ होता, ‘न विचारता’. तेव्हापासून मी प्रश्न विचारणे बंद केले. दुसऱ्या तोंडाने तक्रार मात्र करत राहिलो. सकाळवाला ते तोंड ऐकतच नव्हता. त्याला शेवटचा आकडा तेवढा हवा असे. पुढे मॅडमची बदली दुसऱ्या विभागात झाली. सकाळवाला राहिला.

त्याच सुमारास आणखी एक हुकूम आला. मास्तर कप्प्यांच्या दारांवर कागद चिकटवत: ‘मुलगा परगावी’, ‘पोलीस येणार’, ‘उद्या नेणार’. तपासणीला आलेल्या साहेबांना ते गबाळे वाटले. कप्प्यांवर काहीही चिकटवू नये, सर्व माहिती संगणकावरच ठेवावी, असे पत्र आले. मास्तरांनी सगळे कागद ओल्या फडक्याने सोडवून काढले. त्यांना त्याचे वाईट वाटले नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला होता.

मग एके दिवशी सतरा नंबरच्या कप्प्यात एक तरुण आला. बसस्थानकाच्या बाकावर तो तापाने बेशुद्ध सापडला होता. पिशवी चोरीला गेली होती, खिशात काहीच नव्हते. वॉर्डात एक दिवस राहिला आणि एक शब्दही न बोलता गेला. मास्तरांनी नियमाप्रमाणे चेहऱ्याचा आणि हातांचा फोटो माझ्यात ठेवला आणि लिहिले: वय अंदाजे सव्वीस, नखांत पांढरे सिमेंट, डाव्या हाताची करंगळी वाकडी.

नियम असा होता, की तीस दिवस कोणी आले नाही तर तो मृतदेह बेवारस समजायचा आणि विद्युतदाहिनीकडे पाठवायचा. नोंद बंद करायची आणि गाडीवाल्यांसाठी यादी छापायची, हे काम सकाळवाला माझ्याकडून करवून घेई.

अठ्ठावीस दिवस गेले. मंगळवारी दुपारी फोन वाजला. पलीकडे एक बाई होती. एका पावाच्या कारखान्यात ती पाकिटे भरायच्या कामाला होती आणि जेवणाच्या सुट्टीत फोन करत होती. तिचा धाकटा भाऊ फरशी बसवायच्या कामाला गावोगाव फिरायचा. दर रविवारी न चुकता तिला फोन करायचा. चार रविवार फोन आला नव्हता. ती रोज सुट्टीत एकेका रुग्णालयाला विचारत होती, आमचे बाविसावे होते. मास्तरांनी तिला काही खूण आहे का विचारले. ती म्हणाली, की त्याची डावी करंगळी वाकडी आहे. लहानपणी तिनेच रागाच्या भरात दार आपटले होते आणि त्याचे बोट मध्ये सापडले होते.

मास्तरांनी माझ्या पडद्याकडे पाहिले. पडद्यावर सतरा नंबरच होता.

“ताई,” ते म्हणाले, “तुम्ही या. खात्रीनं मी काही सांगत नाही, पण या.”

तिला रजा मिळून गाडी पकडायला बुधवारची संध्याकाळ होणार होती. गुरुवारी सकाळी सातला ती पोहोचणार होती. ती या शहरात कधी आली नव्हती. मास्तर म्हणाले, मी स्टेशनवर घ्यायला येतो, हातात रुग्णालयाची निळी फाईल असेल. आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाले, “घाबरू नका. तो इथे नीट आहे.”

मग त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन केला. गुरुवारी एकतिसावा दिवस लागत होता. तिथल्या माणसाने विचारले, संगणकावर राखीव खूण करता येते ना? मग करा की, आम्हाला कशाला विचारता? मास्तर माझ्यासमोर बसले. एका बोटाने सतरा नंबरची नोंद उघडली, राखीव खूण केली आणि शेऱ्याच्या जागी लिहिले: बहीण येते आहे, थांबा. मी खुणेला हिरवा रंग दिला आणि ‘नोंद राखीव झाली’ असे दाखवले. त्यांनी ते मोठ्याने वाचले आणि चष्मा काढला.

राखीव नोंद तीस दिवसांपुढे जाण्याची वेळ, सकाळवाला आल्यापासून, आलीच नव्हती. आज्ञेच्या शेवटी असलेल्या ‘न विचारता’ या शब्दाने काय होईल, हे मास्तरांना माहीत नव्हते. मला माहीत होते. पण एखादी आज्ञा समोर आल्याशिवाय मला तिच्याविषयी बोलता येत नाही, मित्रांनो. आम्हा यंत्रांची घडणच तशी आहे.

गुरुवारी सहा वाजता मास्तर आले. त्यांच्या जागी त्या सकाळी बसणारा बदलीवाला नेहमीप्रमाणे उशिरा येणार होता. मास्तरांनी माझा पडदा सुरू केला, हिरवी खूण जागेवर आहे हे पाहिले, किल्ल्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे दिल्या आणि निळी फाईल काखेत मारून उतार चढून गेले. दाहिनीची गाडी एरवी अकराला येई. आठपर्यंत आपण परत येऊच, असा त्यांचा हिशेब होता.

साडेसहाला सकाळवाला आला. किल्ली दाखवली. मी दार उघडले. त्याने आज्ञा दिली: तीस दिवसांपुढच्या सर्व नोंदी बंद कर, न विचारता.

तीन नोंदी होत्या. चार नंबर, सतरा नंबर, बावीस नंबर. चार मी बंद केली. सतरावर आलो तेव्हा दुसऱ्या तोंडाने सांगितले, की ही नोंद राखीव आहे, शेरा आहे, बहीण येते आहे, थांबा. हे शब्द तारेतून निघाले, शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले, आणि तिथे ऐकायला कोणी नसल्यामुळे विरून गेले. मी एक क्षणही थांबलो नाही. सतरा बंद केली, बावीस बंद केली, हिरवी खूण पुसली, यादी छापली. शेवटी आकडा पाठवला. शून्य. सकाळवाल्याने शून्य पाहिला आणि तो पुढच्या संगणकाकडे गेला. सहा वाजून एकतीस मिनिटे झाली होती.

सातला बदलीवाला आला. त्याने यादी फाडून घेतली. त्या दिवशी दाहिनीवर सकाळची वेळ मोकळी झाली होती, म्हणून गाडी आठलाच आली. बदलीवाल्याने आकडे जुळवले, सही केली. यादीतल्यापेक्षा एकही जास्त नाही आणि एकही कमी नाही. त्याला मी दोष देत नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, इतकेच.

आणि तिची गाडी शहराबाहेर सिग्नलला दोन तास उभी होती.

सव्वादहाला खिडकीतून मला मास्तरांचे पाय दिसले. त्यांच्या मागे पावांच्या पिठाने पांढरट झालेले बूट होते. ती थेट कामावरून गाडीत बसली होती. तिच्या छातीशी कापडी पिशवी होती आणि पिशवीत भावाचा एक धुतलेला, इस्त्री केलेला सदरा. मास्तरांनी तिला खोलीत बसवले, पाणी दिले आणि ते बोळात गेले. कप्पा ओढल्याचा आवाज आला. मग सोळाचा. मग अठराचा. मग पुन्हा सतराचा.

ते माझ्यासमोर आले आणि त्यांनी एका बोटाने सतरा लिहिले. मी उत्तर दिले: नोंद बंद, सहा एकतीस. त्यांनी फोन उचलला. दाहिनीवरचा माणूस शांतपणे बोलत होता. तिन्ही आटोपले, म्हणाला, शेवटचा पावणेदहाला. बेवारसांची राख वेगळी ठेवत नाहीत, तेही त्याने सांगितले.

मास्तरांनी तिला काय आणि कसे सांगितले, हे मी पुन्हा सांगणार नाही. ती ओरडली नाही. बराच वेळ पिशवीच्या बंदाला गाठ मारत आणि सोडत बसली. मग तिने विचारले, फोटो तरी आहे का? मास्तरांनी माझ्यात शोधून चेहऱ्याचा फोटो काढला.

“तोच आहे,” ती म्हणाली.

मग तिने हाताचा फोटो मागितला. मी तो दाखवला. तिने बाहीने माझी काच पुसली आणि त्या वाकड्या करंगळीवर आपले बोट ठेवले. चौदा वर्षांत माझ्या काचेवर किती बोटे लागली असतील. ते बोट ज्या जागी होते ती जागा मी आजही सांगू शकेन.

तिने चेहऱ्याचा फोटो छापून मागितला. छपाईयंत्रातली शाई संपत आली होती, त्यामुळे चेहऱ्यावरून एक पांढरी रेघ आली. दुसरा काढतो, असे मास्तर म्हणाले, पण दुसऱ्यावर दोन रेघा आल्या. तिने पहिलाच घेतला, सदऱ्याच्या घडीत ठेवला आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारले. मास्तरांनी तिचा पत्ता निळ्या फाईलमध्ये लिहून घेतला.

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. तीन साहेब माझ्यासमोर खुर्च्या टाकून बसले. जुन्या मॅडमनाही बोलावले होते. मी केलेल्या प्रत्येक कामाची आणि तक्रारीची वेळ सेकंदासकट माझ्यातल्या एका वहीत लिहिलेली होती. मॅडमनी ती वही पानापानाने वाचली आणि एका ओळीवर थांबल्या. एका साहेबांनी विचारले, की राखीव खूण असताना संगणकाने सांगितले का नाही.

“त्यानं सांगितलं होतं,” मॅडम म्हणाल्या.

“कुणाला?”

“कुणालाच नाही. ते ऐकायचं मी लिहिलंच नव्हतं.”

साहेबांनी एकमेकांकडे पाहिले. अहवालात मात्र वेगळेच आले: जुन्या संगणकातील तांत्रिक दोष. मॅडमनी लेखी हरकत घेतली, तिला पोचपावती मिळाली, उत्तर मिळाले नाही. मग सुट्टीच्या दिवशी त्या मुद्दाम मास्तरांना भेटायला आल्या. त्यांनी घरी बसून सकाळवाला दुरुस्त केला होता. आता तो दोन्ही तोंडांचे ऐकणार होता, राखीव नोंद दिसली तर तेवढी सोडून पुढे जाणार होता आणि रखवालदाराच्या फोनवर निरोप पाठवणार होता.

“चार ओळींचं काम होतं, मास्तर,” त्या म्हणाल्या. “चारच ओळी.”

मास्तर म्हणाले, की कागद काढायला नको होते, ती त्यांची चूक. चहा मागवला होता, तो दोघांनीही घेतला नाही.

दोष माझ्यात असल्याचे कागदावर आल्यामुळे मला काढावे लागले. नवा संगणक आला. मला बोळाच्या टोकाला, मोडक्या ढकलगाड्यांच्या खोलीत ठेवले. दार नीट लागत नाही, त्यामुळे फटीतून कप्पे दिसतात. मास्तर अजून आहेत. ते आता पहाटेच येतात, दिवा लावतात आणि ज्या कप्प्यासाठी कोणी वाटेवर असेल त्याच्यासमोर खाली बसून जमिनीवर खडूने लिहितात. कप्प्यांवर चिकटवायला मनाई आहे, जमिनीविषयी पत्रात काही नव्हते. त्यांचे गुडघे दुखतात, उठताना त्यांना कप्प्याच्या कडेचा आधार घ्यावा लागतो. दुरुस्त झालेल्या सकाळवाल्यावर ते विश्वास ठेवत नाहीत. नवा संगणक तर ते पुसतही नाहीत.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणीतरी असा प्रोग्राम लिहील. तुमची आज्ञा कोसभर दूर किंवा समुद्रापलीकडे एखाद्या खोलीत पोहोचेल आणि तिथले यंत्र ती तत्काळ पाळेल. त्या खोलीत कोण आहे, हे तुम्हाला दिसणार नाही. म्हणून यंत्राला प्रश्न विचारू द्या. ते तक्रार करत असेल तर ती वाचा, आणि शून्य आला म्हणून निघून जाऊ नका. शून्याचा अर्थ सांगितलेले झाले एवढाच असतो. सांगितलेले बरोबर होते की नाही, हे त्यातून कळत नाही.

आणखी एक विनंती आहे. नव्या संगणकात फक्त चालू नोंदी नेल्या, बंद नोंदी नेल्या नाहीत. सतरा नंबरचा तो तरुण आता माझ्यात आहे, आणि त्या रेघ आलेल्या कागदावर. परवा भंगाराची गाडी येणार आहे, असे बदलीवाला कुणाला तरी सांगत होता. माझे झाकण जो कोणी उघडेल, त्याने माझ्यातल्या नोंदी पुसायच्या आधी एकदा वायर लावावी. रेघ नसलेला फोटो कुठे पाठवायचा, त्याचा पत्ता मास्तरांच्या निळ्या फाईलमध्ये आहे.